साक्षीला कोण उभं राहणार?

"सिनेमात कॅमेरा दिसला की समजायचं, आता कुणाचं तरी वाटोळं होणार."

मी हे म्हटलं आणि मामांच्या कपाळाला आठी पडली. उज्जैनला देवास गेटजवळ मामांनी उभी हयात फोटो स्टुडिओ चालवला. पासपोर्ट साइज, लग्नाच्या ऑर्डरी, पुढे खांद्यावरचा व्हिडिओ कॅमेरा आणि हॅलोजनचा दिवा, सगळं केलं. मी पुण्यात फिल्म एडिटिंग करते. म्हणजे दुसऱ्यांची चित्रं हाताळण्यावरच दोघांचंही पोट. पण बाजू मात्र उलट्या. सत्तरी ओलांडलेले मामा कॅमेऱ्याचे कैवारी, आणि ज्या पिढीच्या हातातून फोन सुटत नाही तिच्यातली मी त्याच्यावर उखडलेली. टेबलावर येऊन पडणारं चित्रीकरण बघून बघून माझं मत पक्कं झालं आहे की आपण गरजेपेक्षा फार जास्त टिपतो, आणि टिपलेल्याचं पुढे काय करायचं हे कुणीच ठरवलेलं नसतं.

देवास गेटला बसून या विषयावर वाद घालायला निमित्त लागत नाही. समोर बस स्टँड, जवळच रेल्वे स्टेशन. गाडीतून उतरलेला माणूस रिक्षावाल्यांच्या 'महाकाल, महाकाल' या हाकांनी आधी भांबावतो, मग पोहे-जिलबीच्या गाडीशी थांबतो, आणि लॉज शोधायच्या आधी हात लांब करून फोन वर धरतो.

"तुमच्या गावातलाच सिनेमा घ्या," मी म्हटलं. "2023 चा 'ओएमजी 2'. महाकालाच्या देवळाजवळ दुकान असलेल्या कांती शरण मुद्गलची गोष्ट. त्याचा शाळकरी मुलगा आधीच टिंगलीने खचलेला. शाळेच्या स्वच्छतागृहात कुणीतरी चोरून त्याचा व्हिडिओ काढतं आणि गावभर करतं. शाळा मुलालाच काढून टाकते. ज्याने चित्रीकरण केलं त्याला कुणी विचारत नाही, ज्याचं झालं तो गुन्हेगार. अख्खं घर तोंड लपवत गाव सोडायला निघतं. सगळ्या गोष्टीच्या मुळाशी काय आहे, तर खिशातला एक कॅमेरा."

"आणि बाप काय करतो?" मामांनी विचारलं.

"खटला भरतो."

"कुणावर?"

"शाळेवर. मुलाला नको ती औषधं देणाऱ्यांवर. आणि स्वतःवरही."

"हेच म्हणतो मी. तू व्हिडिओपाशीच अडकलीस. पंकज त्रिपाठी कोर्टात उभा राहून म्हणतो की बाप म्हणून माझंही चुकलं, तिथे तो सिनेमा आहे. कॅमेऱ्याने लाज काढली खरी, पण ती लाज नव्हतीच हे सांगायला माणूस उभा राहिला."

मामांचा हा मुद्दा मला तेव्हा पळवाटेसारखा वाटला. मी माझी यादी पुढे केली, आणि ती लहान नाही. मायकेल पॉवेलच्या 'पीपिंग टॉम'मधला, 1960 सालचा तो छायाचित्रकार, जो बायकांना मारताना त्यांच्या चेहऱ्यावरची भीती टिपतो. दिबाकर बॅनर्जीचा 2010 चा 'लव्ह सेक्स और धोखा': एक गोष्ट हँडीकॅमवर, एक दुकानातल्या सीसीटीव्हीवर, एक छुप्या कॅमेऱ्यावर, आणि तिन्ही गोष्टींत माणूस विकला जातो. त्यातली मधली गोष्ट मला आजही छळते. दुकानातल्या पोरीला ठाऊकच नसतं की तिच्या प्रेमाचं चित्रीकरण चाललं आहे, आणि ज्याच्यावर तिने जीव लावला त्याला ते ठाऊक असतं.

"'जाने भी दो यारों' का नाही घेत?" मामा म्हणाले. हा त्यांचा लाडका सिनेमा. फोटोग्राफरच्या धंद्यात उतरलेली दोन भाबडी माणसं, नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी. एक दिवस बागेतला फोटो मोठा करता करता त्यांना झाडीमागे खून दिसतो. कुंदन शाहने ही कल्पना अँटोनिओनीच्या 'ब्लो-अप'वरून उचलली आणि ऋण मान्य करायला त्या बागेचं नावच अँटोनिओनी पार्क ठेवलं. 1983 सालचा सिनेमा.

"घेते की. त्यांच्या हातात खुनाचा फोटो होता. प्रेत होतं. सगळं होतं. शेवटी कैद्यांच्या कपड्यात रस्त्याने कोण चालतं? तेच दोघं. फोटो काढून काय साधलं?"

"फोटो खोटा होता का?"

"नाही."

"मग फोटोने आपलं काम केलं. पुढचं काम फोटोचं नव्हतंच. बिल्डर, कमिशनर, संपादक सगळे एका ताटात जेवणारे, त्यात फोटो काय करणार? रामायणात धोबी बोलला म्हणून धुण्याच्या दगडाला दोष देतेस तू."

मामांच्या बोलण्यात असं काहीतरी येतं आणि मग त्यावर उत्तर सुचेपर्यंत ते पुढे गेलेले असतात. यावेळी ते थेट फाळक्यांवर गेले. मराठी छायाचित्रकाराशी वाद घालताना दादासाहेब येणारच, आणि मामांच्या बाबतीत ते भक्तीनेच येतात.

"फाळके आधी फोटोग्राफर, मग सगळं. गोध्र्यात स्टुडिओ होता. प्लेगात बायको आणि मूल गेलं. बडोद्याला पुन्हा स्टुडिओ मांडला, तर लोकांनी अफवा उठवली की हे यंत्र अंगातली शक्ती शोषून घेतं आणि माणूस मरतो. धंदा बसला. तरी माणूस कॅमेऱ्यापासून हटला नाही. 1912 ला विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणला तेव्हा पहिल्यांदा काय टिपलं? राजा नाही, राणी नाही. कुंडीतला वाटाणा! थोडं थोडं टिपत राहिले आणि पडद्यावर बी उलगडून त्याचा वेल वर चढताना दिसला. ते बघून सावकाराने पैसे दिले. आपल्या सिनेमाचा जन्म एका जिवाच्या वाढीची नोंद ठेवण्यातून झाला आहे. तुला त्यात वाटोळं कुठे दिसतं?"

'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये परेश मोकाशींनी हा प्रसंग घेतला आहे आणि तो बघताना माझ्याही अंगावर काटा आला होता. पण बडोद्याच्या त्या लोकांना वेड्यात काढायला मी तयार नाही. यंत्र शक्ती शोषतं हे म्हणणं अडाणी असेल, पण आपली छबी आपल्या हातून निघून दुसऱ्याच्या पेटीत गेली की तिच्यावर आपला ताबा उरत नाही, ही भीती खोटी कुठे होती? आज शाळेतल्या मुली तीच भीती घेऊन वावरतात.

मी त्यांना किएस्लोव्स्कीच्या सिनेमाची गोष्ट सांगितली. पोलंडचा दिग्दर्शक, सिनेमा 1979 चा, 'कॅमेरा बफ'. कारखान्यात काम करणारा फिलिप पोटाला चिमटा काढून आठ मिलिमीटरचा कॅमेरा घेतो. कशासाठी, तर नुकत्याच जन्मलेल्या मुलीचं वाढणं टिपायला. इथपर्यंत तो आणि फाळके एकच. मग कारखान्याचे साहेब त्याला समारंभाचं चित्रीकरण करायला सांगतात. बक्षीस मिळतं. त्याला जग दिसू लागतं आणि घर दिसेनासं होतं. एक दिवस बायको वैतागून घर सोडून निघते. तो तिला थांबवत नाही. ती पाठमोरी चाललेली असताना तो दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून त्यातून तिच्याकडे बघतो.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे होतं. माझंही होत होतं. तुझ्या मामीला विचार. लग्नसराईत घरी पाहुणे आले तरी मी बघायचो की खिडकीतला उजेड कुणाच्या चेहऱ्यावर पडतो आहे." आणि जरा थांबून, "पण तू 'कालिया मर्दन' पाहिलास ना?"

पाहिला आहे. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे तो आपल्याला बघता येतो. पी. के. नायर यांच्यासारखा माणूस जुनी रिळं हुडकत फिरला नसता तर फाळक्यांचं काम आज पुस्तकांतच वाचावं लागलं असतं. आपल्याकडचे बहुतेक मूकपट नाहीसे झाले, 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच उरला. 1919 चा 'कालिया मर्दन' मात्र बराचसा टिकला, आणि त्याची सुरुवात विलक्षण आहे. कृष्ण येत नाही, यमुना येत नाही. आधी पाटी येते की सात वर्षांच्या मुलीचे मुद्राभिनय पाहा. मग पडदाभर मंदाकिनी. फाळक्यांची मुलगी. ती हसते, रागावते, घाबरते, डोळे मोठे करते. कुठल्याही घरात बाप मुलीला 'हां, आता रडून दाखव' म्हणतो तसंच. मग तोच चेहरा बघता बघता कृष्णाचा होतो.

"त्याला काय गरज होती?" मामा म्हणाले. "लोकांनी तिकीट काढलं ते कालिया नागासाठी. पण बापाला राहवलं नाही. माझी पोर बघा, हे आधी सांगायचं होतं त्याला. शंभराच्या वर वर्षं झाली, पण सात वर्षांची मंदाकिनी अजून सात वर्षांचीच आहे. तुझ्या त्या पोलंडच्या माणसाने मुलीला सोडून कॅमेरा धरला, फाळक्याने मुलीला पुढे घेऊन धरला. कॅमेरा तोच आहे, बाई."

हे मला पटलं, आणि पटलं तसं मी सांगितलंही. पण माझं एक उत्तर राखून होतं. "मंदाकिनीला माहीत होतं की कॅमेरा चालू आहे. ती त्या खेळात सामील होती. माझा आक्षेप जिला माहीत नसतं तिच्यासाठी आहे."

"जिला माहीतच होऊ शकत नाही तिचं काय?" मामांनी विचारलं.

आणि मग त्यांनी त्या फोटोंचं सांगितलं ज्यांच्याबद्दल ते सहसा बोलत नाहीत. पूर्वी उज्जैनच्या आसपासच्या खेड्यांतून कितीतरी बायका अशा असत की जन्मात एकदाही फोटो निघालेला नाही. बाई गेली की घरातला कुणीतरी सायकल हाणत स्टुडिओत यायचा: लवकर चला, चक्रतीर्थाच्या स्मशानात न्यायच्या आधी एक फोटो हवा. मामा जायचे. दोघं जण मागून आधार देऊन बाईला खुर्चीत बसवायचे, मागे चादर धरायचे, पदर नीट करायचे. कपाळावर कुंकू असेल तर ते जरा ठळक. मग स्टुडिओत येऊन लाल दिव्याखाली प्रिंट काढायची, आणि बारीक ब्रशने मिटलेल्या पापण्यांवर डोळे रंगवायचे. उघडे डोळे. "घरच्यांना विचारायचो, कशा बघायच्या? सरळ की जरा खाली? कुणी म्हणायचं, सरळ बघत नसे ती कधी. मग तसे काढायचे. तो फोटो भिंतीवर लागायचा. नातवंडांना आजी म्हणजे तोच चेहरा. तिला माहीत नव्हतं, परवानगी नव्हती. तुझ्या हिशेबाने मी चोरच ना?"

मला 'फोटो-प्रेम' आठवला, 2021 चा मराठी सिनेमा. त्यातल्या माई, म्हणजे नीना कुळकर्णी, कॅमेऱ्याला घाबरतात, फोटो म्हटलं की तोंड फिरवतात. आणि उतारवयात त्यांच्या लक्षात येतं की आपण गेल्यावर भिंतीवर लावायलाही आपला धड एक फोटो नाही, म्हणजे आपल्याला आठवायचं तरी कशावरून? कॅमेऱ्यापासून पळणाऱ्या बाईलाच कॅमेऱ्याची गरज समजते. यादीत मी या सिनेमाला सोयीने वगळलं होतं, कारण तो मामांच्या बाजूने बोलतो.

"चोर नाही," मी म्हटलं. "तुम्ही घरच्यांना विचारलंत की कशा बघायच्या. फरक तिथे आहे. महाकालाच्या देवळात काय चाललं होतं ते तुम्हीच सांगितलं होतंत."

ऑक्टोबर 2022 मध्ये 'महाकाल लोक' या देवळालगतच्या नव्या परिसराचं उद्घाटन झालं आणि गर्दीबरोबर फोनही वाढले. देवळाच्या आवारात सिनेमाच्या गाण्यांवर रील्स होऊ लागल्या. डिसेंबरात तर पहाऱ्यावरच्या दोन महिला रक्षकांचाच नाचतानाचा व्हिडिओ फिरला आणि त्यांना कामावरून दूर केलं गेलं. त्याच महिन्याच्या 20 तारखेपासून देवळात मोबाइल न्यायला बंदी आली. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत देवस्थानांनी घेतलेल्या चांगल्या निर्णयांपैकी हा एक. पहाटेच्या भस्म आरतीला माणूस इतक्या लांबून यायचा, रात्र जागून काढायचा, आणि शिवलिंगावर भस्म चढत असताना ते फोनच्या काचेतून बघायचा. हात रिकामे झाले की ते जोडले तरी जातात.

"मलाही बरं वाटलं," मामा म्हणाले. "पण एक सांग. बुलढाण्याहून कुणी एसटीने आला, आई अंथरुणाला खिळलेली, तिला दाखवायचं म्हणून त्याने एक फोटो घेतला, तर तो आणि रीलवाला एकच?"

"एकच नाही. पण त्याच्या आईला देवस्थानाच्या थेट दर्शनात घरबसल्या दिसतं."

"ते देवस्थानाचं दर्शन. मुलाने पाहिलेलं नव्हे."

इथे मला उत्तर सुचलं नाही. मुलाच्या थरथरत्या हाताने काढलेल्या फोटोत मुलगा असतो, आणि आई त्यात त्यालाच आधी बघते. देवस्थानाच्या कॅमेऱ्यात ते नाही. हा मुद्दा मी मामांना देऊन टाकला.

पण जे बोलायला मी खरं आले होते ते अजून राहिलंच होतं. सप्टेंबर 2024, याच शहरातलं कोयला फाटक. भरदिवसा, फुटपाथवर, एका स्त्रीवर बलात्कार झाला. रस्ता वाहता होता. माणसं जात होती. त्यातल्या कुणी थांबवलं नाही. व्हिडिओ मात्र निघाला आणि पसरला. पुढे पोलिसांनी व्हिडिओप्रकरणीही अटक केली. पण ज्या क्षणी तो हात वर गेला त्या क्षणाबद्दल मी बोलते आहे. हातात फोन नसता तर त्या माणसाला दोनच गोष्टी करता आल्या असत्या: पुढे व्हायचं किंवा मान खाली घालून निघून जायचं. फोनने त्याला तिसरी गोष्ट दिली, जिच्यात निघून जाणंही नाही आणि पुढे होणंही नाही, आणि तरीही आपण काहीतरी केलं असं मनाला वाटतं. कॅमेऱ्यावर माझा राग आहे तो यासाठी.

मामांनी मान हलवली. नाकारण्यासाठी नव्हे. "आणि त्याच्या आदल्या वर्षी?" ते म्हणाले.

सप्टेंबर 2023. अत्याचारानंतर एक अल्पवयीन मुलगी अर्धवट कपड्यांत, रक्तबंबाळ, इथल्या रस्त्यांवरून मदत मागत फिरली. घराघराशी गेली. लोकांनी तिला पुढे जायला सांगितलं. शेवटी बडनगर रोडवरच्या एका आश्रमातल्या पुजाऱ्याने तिला अंगावर घ्यायला कपडा दिला आणि पोलिसांना कळवलं. पोलीस रस्त्यारस्त्यावरचे सीसीटीव्ही तपासत एका रिक्षापर्यंत पोचले.

"ते कॅमेरे नसते तर रिक्षा सापडली असती का? आणि तिला हाकलणारी दारं आपल्याला दिसली असती का? आमच्या गावाने ते चित्रीकरण बघितलं आणि मान खाली घातली. नसतं, तर लोकांनी छातीठोकपणे सांगितलं असतं की आमच्या दाराशी कुणी आलंच नाही."

"खरं आहे. पण दारं कॅमेऱ्याने उघडली नाहीत, मामा. कपडा कॅमेऱ्याने दिला नाही."

"मी कुठे म्हणतो दिला?"

आता आमच्या वादाचं टोक कुठे आहे ते दोघांनाही दिसायला लागलं होतं, आणि ते तिथून काही अंतरावरच होतं. माधव कॉलेज तेव्हा देवास गेटलाच होतं. 26 ऑगस्ट 2006 ला विद्यार्थी संघाच्या निवडणुकीवरून त्या कॉलेजात धुमश्चक्री झाली आणि राज्यशास्त्राचे प्राध्यापक हरभजनसिंग सभरवाल यांचा मृत्यू झाला. वाहिन्यांचे कॅमेरे तिथे होते. प्राध्यापकांना मिळणाऱ्या धमक्या, अंगावर धावून जाणं, गोंधळ, सगळा देश घरात बसून बघत होता. फोटो मोठा करून झाडीत डोकावायचीही गरज नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने खटला मध्य प्रदेशाबाहेर नागपूरला हलवला. तिथे साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. जुलै 2009 मध्ये न्यायालयाने सहाही आरोपींना निर्दोष सोडलं. सरकारपक्षाला आरोप सिद्ध करता आले नाहीत. न्यायालयापुढे जे आलं त्यावर निकाल लागला आणि तो कायद्याने मानायचा. पण एक माणूस कॉलेजच्या आवारात, दिवसाढवळ्या, कॅमेऱ्यांदेखत झालेल्या प्रकारानंतर मेला, आणि त्याची जबाबदारी आजतागायत कुणावर नाही.

"त्या दिवशी मी स्टुडिओतच होतो," मामा म्हणाले. "रात्री टीव्हीवर पाहिलं. वाटलं, आता यात लपवायला जागाच नाही. इतकं चित्रीकरण आहे."

"कायदा तसं मानत नाही," मी म्हटलं. माझ्या धंद्यामुळे हे मला माहीत आहे. भारतीय पुरावा कायद्यातलं 65-ब कलम, आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातलं 63 वं कलम. ध्वनिचित्रफितीची प्रत नुसती उचलून न्यायालयात ठेवता येत नाही. ते यंत्र कुणाच्या ताब्यात होतं, ते नीट चालत होतं का, नक्कल कशी झाली, हे सांगणारं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर माणसाची सही लागते. शिवाय चित्रात दिसणारा गोंधळ म्हणजे काय, कोण कुणाला काय म्हणालं, हे सांगायला तिथे हजर असलेला माणूस लागतो. तो म्हणाला की मला काही आठवत नाही, की चित्र मुकं झालं. "मी म्हणते कॅमेरा माणसाला बघ्या करतो, तुम्ही म्हणता तो पुरावा ठेवतो. माधव कॉलेजात दोन्ही झालं. बघे होते, पुरावा होता, आणि सही करून मागे उभं राहणारं कुणी उरलं नाही."

"म्हणजे तुझंही खरं आणि माझंही."

"दोघांचंही अर्धंच. फाळके कुंडीसमोर बसून राहिले, म्हणून वाटाणा वाढताना दिसला. जो टिपतो त्याने टिपल्यावर तिथेच असायला हवं. माझं भांडण टिपून निघून जाणाऱ्याशी आहे. इतका वेळ ते मी कॅमेऱ्याच्या नावावर मांडत होते."

मग मी त्यांना आनंद पटवर्धनांबद्दल सांगितलं, कारण टिपल्यावर उभं राहणं काय असतं ते त्यांच्या कामात दिसतं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांवरच्या 'हमारा शहर'मध्ये 1985 ला त्यांनी विलास घोगरे यांना गाताना टिपलं होतं. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. काही दिवसांनी विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. पटवर्धनांनी तिथून कॅमेरा सुरू केला आणि 'जय भीम कॉम्रेड' पुरा व्हायला 2011 उजाडलं. चौदा वर्षं! खटले रेंगाळले, पोरं मोठी झाली, गाणारे गात राहिले, आणि हा माणूस जात राहिला. 'राम के नाम' दूरदर्शनने दाखवावा म्हणून ते न्यायालयात भांडले. तेच पटवर्धन घरी म्हाताऱ्या आईवडिलांना टिपत होते, सिनेमा करायचा असं न ठरवता. आई निर्मला पटवर्धन नावाजलेल्या कुंभारकाम-कलावंत, घराण्यात स्वातंत्र्यलढ्यातली माणसं. दोघंही गेल्यावर त्या घरगुती चित्रीकरणातून 'वसुधैव कुटुंबकम' उभा राहिला. टिपताना कुणालाच माहीत नसतं की हे पुढे कशाला लागणार आहे. मामांची बाजू मी इतकी मन लावून मांडते आहे हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मामा हसत होते.

"आमचे राजा दीनदयाळ असेच," ते म्हणाले. इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढणारा माणूस, 1870 च्या दशकात कॅमेरा हाती घेतला आणि निजामाच्या दरबारापर्यंत गेला. मामांना त्यांचे राजवाडे आणि शिकारी सांगायच्या नव्हत्या. "हैदराबादला त्यांनी पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला. 1892 ला. तिथे फोटो काढणारी बाईच. आत पुरुषाला पाऊल ठेवायची सोय नाही. तू म्हणतेस ना, विचारून? त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी नुसतं विचारलं नाही, बाईला मोकळं बसता येईल अशी जागा बांधली."

त्यानंतर आम्ही वर माळ्यावर गेलो. स्टुडिओ बंद करायचा आहे आणि तिथे निगेटिव्हचे खोके आहेत, बटर पेपरच्या पाकिटांत, प्रत्येकावर क्रमांक. खाली त्यांची वही: क्रमांक, नाव, गाव, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात फोटो कुणी काढला त्याची सही. मामांची किंवा हाताखालच्या पोराची. एकही ओळ सहीशिवाय नाही. हजारो माणसं त्या खोक्यांत आहेत: नवरानवरी, बारशातली पोरं, पहिल्या नोकरीच्या अर्जावरचे चेहरे, आणि एका वेगळ्या खोक्यात खुर्चीत बसवलेल्या त्या बाया. मी म्हणत होते की ज्यांचे ते आहेत त्यांनाच यांचं काय करायचं ते ठरवू द्या. मामा म्हणत होते, नष्ट करायची गोष्टच काढायची नाही, एखाद्या संस्थेला द्यायचे.

शेवटी दुकानाबाहेर पाटी लावायची ठरली. आपली किंवा आपल्या घरच्यांची निगेटिव्ह वही बघून घेऊन जा, पैसे नाहीत. मला त्याखाली अजून एक ओळ हवी होती: नको असल्यास आपल्या समोर नष्ट करून मिळेल. मामा ऐकेनात. बराच वेळ भांडले. एकदा म्हणाले, तू माझ्या हाताने माझीच माणसं जाळायला सांगतेस. पुन्हा म्हणाले, आज नको म्हणणाऱ्याची नात उद्या विचारत येईल. तीही शक्यता खरी आहे, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. तरी ती ओळ पाटीवर यावी यावर मी अडून बसले. मग त्यांनी पेन्सिल घेतली, ओळ लिहिली आणि तिच्यापुढे स्वतःची अट घातली: मागणाऱ्याने वहीत त्याच क्रमांकासमोर, माझ्या सहीच्या बाजूला, आपलं नाव आणि नातं लिहून सही करावी. खेड्यातली माणसं सहीला घाबरून येणारच नाहीत, असं मी म्हटलं. अंगठा चालेल, मामा म्हणाले, आणि तेही पाटीवर लिहिलं.